नामिबियाला निघालेल्या मुंबईकराने कोणती रायफल मागावी?

रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. ‘मामा, नामिबिया पक्कं झालं. एक ऑरिक्स, एक कुडू, दोन स्प्रिंगबॉक. फार्मवाले विचारतायत, भाड्याने कोणती रायफल देऊ. .३७५ सांगतो ना?’ ही तिन्ही आफ्रिकेतली हरणं, फार्म शिकारीचा, आणि .३७५ हे मोठ्या जनावरांसाठीचं जड काडतूस. मुलगा ठाण्यात राहतो. तीन वर्षं वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर पॉइंट टू-टू (.२२ ची लहान रायफल) मारतो, आणि त्याहून मोठं काही त्याने अजून खांद्याला लावलेलं नाही. मी ‘नको’ एवढंच लिहिलं आणि झोपलो. सकाळी फोनवर जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच.

आपल्याकडे या निवडीत आधी कळस मग पाया असतो. कोणीतरी मोठ्या काडतुसाचं नाव ऐकलेलं असतं, ते डोक्यात बसतं, मग त्याला जनावर शोधायचं. मी उलट्या टोकाने जातो: कायदा काय चालवतो, जनावर केवढं आहे, आणि तुम्ही मुंबईत राहून किती सराव करू शकता. कॅलिबरची, म्हणजे गोळीच्या व्यासाची, वरची हद्द बहुतेक वेळा तिसऱ्या मुद्द्यावरच ठरते.

पायरी १ : इथला कायदा

भारतात छंद म्हणून शिकार करता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ९ ने ती बंद केली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीच्या परवान्यांची जुनी सोयही संपली. कलम ११ खाली माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका झालेल्या जनावरासाठी वनखातं लेखी परवानगी देऊ शकतं. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्या बाबतीत आपल्या शेतकऱ्यांना हे माहीत असतं. पण ती परवानगी त्या नुकसानीपुरती असते. मुंबईहून शनिवार-रविवार ‘डुकराला’ जाण्याचं ते तिकीट नव्हे. ‘गावाला सगळे करतात’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. ससा असो वा भेकर, गुन्हा तो गुन्हाच.

दुसरा कायदा शस्त्रांचा. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. नामांकित नेमबाजांसाठी वेगळी सवलत आहे. त्यात पुन्हा बोअरची, म्हणजे नळीच्या मापाची, भानगड. सैन्य-पोलिसांच्या काडतुसांशी जुळणारे बोअर, म्हणजे .३०३ रायफल किंवा ९ मिमी पिस्तूल, हे ‘प्रोहिबिटेड बोअर’. सर्वसामान्यांच्या कपाटात म्हणून .३१५ ची रायफल आणि .३२ ची रिव्हॉल्व्हर दिसते. ही दोन्ही कॅलिबरं कोणी शिकारीचा विचार करून निवडलेली नाहीत. .३१५ म्हणजे मुळात ऑस्ट्रियातलं ८ × ५० मिमी मॅनलिकर काडतूस. ते .३०३ च्या रायफलीत चालत नाही, हीच त्याची लायकी ठरली. इशापूरच्या कारखान्यात त्यासाठी ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफिल्डच्या घाटाची बोल्ट रायफल बनू लागली आणि पुढच्या पिढ्यांना वाटलं की हीच खरी ‘शिकारी रायफल’. माझ्या आजोबांकडे तर संगमेश्वरला ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. तिचं कॅलिबर विचारलं की ते म्हणायचे, ‘अंगठा जाईल एवढं.’

स्वतःची रायफल परदेशात नेणं कायद्याने अशक्य नाही, पण इथली परवानगी, वाटेत विमान बदलणार तिथली, उतरणार तिथली आणि विमान कंपनीची असे चार कागदी डोंगर चढावे लागतात. पहिल्या फेरीला फार्मची रायफल भाड्याने घ्या. या लेखातला ‘निवडा’ म्हणजे खरं तर ‘मागा’.

पायरी २ : तिथला कायदा, आकड्यांसकट

नामिबियाचा नियम शिकायला सोपा आहे, कारण तो गोळीची ऊर्जा ज्यूलमध्ये सांगतो. स्प्रिंगबॉक, डायकर यांसारख्या लहान हरणांना किमान १,३५० ज्यूल. ऑरिक्स, कुडू, हार्टबीस्ट, विल्डबीस्ट, इलँड यांना २,७००. रानरेडा, हत्ती यांच्या वर्गाला ५,४००. हे आकडे नळीच्या तोंडाशी मोजलेले. शिवाय परदेशी शिकाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या नियमावलीत गोळी किमान ७ मिमीची असावी असं असतं, आणि हँडगनला (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) साफ मनाई आहे.

इतर देशांची रीत निराळी. इंग्लंड-वेल्समध्ये मोठ्या हरणांना किमान .२४० कॅलिबर आणि १,७०० फूट-पाउंड (सुमारे २,३०० ज्यूल) लागतात. जर्मनीत लहान रो हरणाला १०० मीटरवर १,००० ज्यूल पुरतात, पण रानडुक्कर किंवा लाल हरणाला ६.५ मिमी आणि १०० मीटरवर २,००० ज्यूल हवेत. अमेरिकेत प्रत्येक राज्य वेगळं. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळीच चालत नाही.

ज्यूल काढायला कॅल्क्युलेटर पुरतो. गोळीचं वजन ग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग (मीटर प्रतिसेकंद), भागिले २,०००. .३०-०६ ची १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी ११.७ ग्रॅमची, वेग ८२३. उत्तर येतं सुमारे ३,९६०. कुडूच्या अटीत आरामात बसली. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी ३,५८० च्या आसपास. जुनी ७ × ५७ मॉझर ३,००० च्या जवळ. .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) ५,७५० च्या वर, म्हणजे रानरेड्यालाही चालते. गंमत .२२३ ची: तिची ऊर्जा १,७५० ज्यूलपर्यंत जाते, स्प्रिंगबॉकच्या अटीहून जास्त, पण गोळी ५.७ मिमीची, म्हणून बाद. ऊर्जा आणि व्यास या दोन वेगळ्या चाळण्या आहेत. दोन्हींतून गळून जे खाली येईल तेच धरा, आणि फार्मवाल्याकडून ते ईमेलवर लिहून घ्या.

पायरी ३ : काडतुसाचं नाव वाचायला शिका

कॅलिबर म्हणजे नळीचा किंवा गोळीचा व्यास, पण काडतुसाचं नाव म्हणजे कॅलिबर नव्हे. .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ या दोघांची गोळी एकाच व्यासाची, .३०८ इंच. तरी एकाचं काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत घालायचं नसतं. .३०-०६ मधले ‘०६’ म्हणजे १९०६ साल. ७ × ५७ मधले ५७ म्हणजे पितळी केसची (कवचाची) लांबी, मिमीमध्ये. .२७० ची गोळी प्रत्यक्षात .२७७ ची. .४४ मॅग्नमची .४२९. .३८ स्पेशलची .३५७. आणि बारा बोअर म्हणजे त्या नळीत मावणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पाउंड, म्हणून सोळा बोअर बारापेक्षा लहान.

व्यवहारात यातून एवढंच घ्या: मागताना पूर्ण नाव सांगा. नुसतं ‘सेव्हन एमएम’ म्हटलंत तर सौम्य ७ × ५७ मिळेल किंवा खांदा मोडणारी ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम. हातात काडतूस आलं की त्याच्या बुडावरचं नाव आणि नळीवरचं नाव जुळतंय का हे स्वतः पाहा. गाइड कितीही अनुभवी असला तरी.

पायरी ४ : जनावर केवढं?

आफ्रिकेतली नावं मराठी डोळ्याला काहीच सांगत नाहीत, म्हणून मी ती आपल्या जंगलावर मापतो. फक्त आकाराच्या अंदाजासाठी, हे वेगळं सांगायला नको. स्प्रिंगबॉक ३० ते ४५ किलोचं, म्हणजे भेकरापेक्षा मोठं, चितळापेक्षा बारीक. वॉर्टहॉग म्हणजे मध्यम रानडुक्कर. ऑरिक्स २०० किलोच्या आगेमागे आणि कुडूचा नर २५०-३०० पर्यंत, हे सांबराच्या घरातले. इलँड आणि रानरेडा गव्याच्या मापाचे.

तरी वजन अर्धीच गोष्ट सांगतं. ऑरिक्स कुडूपेक्षा हलका, पण मानेची आणि खांद्याची कातडी जाड, जीव चिवट. कुडू मोठा असून त्या मानाने नरम. आणखी एक: आफ्रिकेतल्या या हरणांचं काळीज छातीत बरंच खाली आणि पुढे असतं. जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाची रेषा वर न्यायची आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात थांबायचं. खांद्याच्या मागे, पोटाकडे सरकलेला नेम इथे महागात पडतो. जंगलात जाण्याआधी प्रत्येक जनावराचा आडवा आणि तिरका फोटो घेऊन त्यावर पेन्सिलने ठिपका मारायचा सराव करा. लोकलमध्ये उभ्या उभ्याही होतो.

या जागेचा आकार लक्षात ठेवायला स्वयंपाकघर पुरे. स्प्रिंगबॉकला चहाची बशी. ऑरिक्स-कुडूला जेवणाचं ताट. ज्या अंतरावर तुमच्या दहापैकी दहा गोळ्या बशीत पडतात, ते तुमचं स्प्रिंगबॉकचं अंतर. नऊ पडल्या तर अजून जवळ जायचं.

पायरी ५ : खांद्याचा हिशेब

इथे जरा थांबणार आहे, कारण माझी फजिती इथलीच.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही .३७५ मागितली होती. १९१२ साली आलेलं काडतूस, आफ्रिकेत वाटेल त्याला चालतं, एवढं वाचून गेलेलो. रेंजवर तीन गोळ्या मारल्या, तिन्ही ताटात. चौथी मारायची हौस खांद्याला नव्हती, आणि मी ती सूचना ऐकली नाही. दुसऱ्या दिवशी १४० मीटरवर ऑरिक्स आडवा उभा. ट्रिगर दाबताना डोळे मिटले हे मला नंतर कळलं. गोळी वीतभर मागे गेली. त्यानंतर सूर्य कलेपर्यंत आम्ही रक्ताच्या ठिपक्यांमागे चाललो. माग काढणारा म्हातारा एक शब्द बोलला नाही. जनावर शेवटी मिळालं, पण ते चार तास मी अजून विसरलो नाही. तिथला नियमही साधा आहे: रक्त दिसलं की पैसे लागले, जनावर मिळो न मिळो.

.३७५ चा धक्का .३०८ च्या साधारण दुप्पट. हा धक्का दुखतो हा प्रश्न गौण आहे. तो येणार हे मेंदूला कळतं, आणि गोळी सुटण्याच्या क्षणाआधीच हात आवळतो, डोळा मिटतो. पॉइंट टू-टूवर शिकलेल्या नेमबाजाला ही सवय नसते, म्हणून त्याला ती लागल्याचं कळतही नाही. ओळखायची युक्ती जुनी आहे. सोबत्याला मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एक-दोन डमी (बिनबारुदाची) मिसळायला सांगा, कुठे आहे ते तुम्हाला कळू न देता. डमीवर ट्रिगर दाबल्यावर नळीचं टोक हललं, तर ते तुम्ही हलवलंत.

इथे कोणीतरी हमखास बेलचं उदाहरण देतो. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारावर हत्ती मारले, बहुतेक ७ × ५७ नेच. म्हणजे लहान कॅलिबर पुरतं? त्याला हत्तीच्या कवटीत मेंदू कुठे आहे हे प्रत्येक कोनातून पाठ होतं, न फुटणारी टणक गोळी तो वापरायचा, आणि वर्षानुवर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. तुमच्याकडे बेलचा खांदा असेल, बेलची वर्षं नाहीत. आजच्या नियमात ते बसतही नाही. पण त्याच काडतुसाची .२७५ रिग्बी १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यानंतर जिम कॉर्बेटना भेट मिळाली आणि त्यांनी ती पुढे कैक वर्षं वापरली, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं. धक्का कमी, वजन हलकं, मारा जिथे हवा तिथे.

पायरी ६ : गोळी

दोन शिकारी एकाच कॅलिबरने एकाच जागी मारतात, एकाचं जनावर तीस पावलांत पडतं, दुसऱ्याचं पळून जातं. फरक बहुधा गोळीच्या बनावटीत असतो.

पूर्ण तांब्याचं आवरण असलेली लष्करी धर्तीची गोळी आरपार भोक पाडून निघून जाते. हरणासाठी ती घेऊ नये. साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली, आत गेल्यावर छत्रीसारखी उघडते. स्प्रिंगबॉकला ती छान. पण जवळून, वेगात, ऑरिक्सच्या खांद्याच्या हाडावर आदळली तर तिथेच फुटून चुरा होऊ शकते. जॉन नॉस्लर नावाच्या अमेरिकन माणसाला १९४६ मध्ये चिखलाने माखलेल्या एका मूसवर हाच अनुभव आला. गोळ्या बाहेरच फुटत राहिल्या. त्याने मग मध्ये तांब्याचा आडवा पडदा असलेली गोळी बनवली, पुढचा भाग उघडतो आणि मागचा अर्धा शाबूत पुढे जातो. १९४८ पासून ‘पार्टिशन’ नावाने ती विकली जाते. त्यानंतर शिसं आवरणाला चिकटवलेल्या बाँडेड गोळ्या आल्या आणि आत गेल्यावर उघडणाऱ्या अख्ख्या तांब्याच्याही.

म्हणून फार्मवाल्याला रायफलीच्या नावाइतकाच हा प्रश्न विचारा: काडतुसात गोळी कुठली आणि किती ग्रेनची? ऑरिक्स-कुडूसाठी बाँडेड, पार्टिशन किंवा अख्ख्या तांब्याची मागा. .३०८ मध्ये १६५ ते १८० ग्रेन, ७ मिमीत १४० ते १६०. वजन जास्त म्हणजे त्याच व्यासात गोळी लांब, आणि लांब गोळी खोल जाते.

पायरी ७ : शेवटची निवड

भाच्याच्या यादीला मी .३०८ सांगितली. पुढे सायलेन्सर लावलेली, १६५ ग्रेनच्या बाँडेड गोळीची. सायलेन्सर म्हटलं की आपल्याला सिनेमातला खुनी आठवतो, पण नामिबियात शिकारी रायफलीवर तो सर्रास असतो. आवाज कमी होतो त्याहून महत्त्वाचं म्हणजे धक्का बराच मवाळ होतो. पॉइंट टू-टूवाल्या माणसासाठी हे वरदान.

.३०८ नसेल तर .३०-०६, जवळपास तेच काम, धक्का किंचित जास्त. ७ × ५७ मिळाली तर मी स्वतः तीच उचलेन, फक्त दूरचे फटके टाळेन. ६.५ क्रीडमूर २००७ पासून फार गाजतंय आणि हाताळायला गोड आहे, पण नामिबियाच्या ७ मिमीच्या अटीत बसत नाही. दुसऱ्या देशात मध्यम हरणांना जरूर मागा. .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम) ही सपाट रानात तीनशे मीटरवर मारणाऱ्यांची. तुम्ही त्यातले नसाल तर तिचा फक्त गोंगाट वाट्याला येईल. .२४३ इंग्लंडातल्या हरणांना ठीक. आणि .३७५ तेव्हाच, जेव्हा यादीत रानरेडा असेल आणि तुम्ही तिच्या वीस-पंचवीस गोळ्या न कचरता मारलेल्या असतील.

अंतराबद्दल एवढंच: १०० मीटरवर नेम बसवलेली .३०८ दोनशेवर दहा-बारा सेंटिमीटर खाली येते, तीनशेवर चाळीसच्या आसपास. बशीच्या मापाच्या जागेवर तीनशे मीटर म्हणजे निव्वळ जुगार. दीडशेची हद्द स्वतःला घाला आणि गाइडला पहिल्याच दिवशी सांगा. तो खूश होईल. त्याला चालायला आवडतं, रक्त शोधायला नाही.

हँडगनचं काय?

मुंबईत परवानाधारक म्हणजे बहुधा रिव्हॉल्व्हरवाला, त्यामुळे ‘हिच्याने शिकार होते का’ हा प्रश्न येतोच. .३२ ची गोळी दीडशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा देते. जर्मनीत जखमी जनावराला जवळून मुक्त करण्यासाठी हँडगन चालते, त्यालाही किमान २०० ज्यूल लागतात. आपली .३२ त्या शेवटच्या गोळीच्या परीक्षेतही नापास.

हँडगनने शिकार ही मुख्यतः अमेरिकेतली गोष्ट. तिथल्या बऱ्याच राज्यांत ती कायदेशीर आहे. १९३५ चं .३५७ मॅग्नम लहान हरणाला अगदी जवळून, तेही मला काठावरचं वाटतं. १९५५ चं .४४ मॅग्नम ही खरी सुरुवात: २४० ग्रेनची गोळी, लांब नळीतून फार तर १,३०० ज्यूल. म्हणजे .३०-०६ चा तिसरा हिस्सा. म्हणून अंतर पन्नास मीटर, फार झालं तर पंचाहत्तर. त्यावर .४५४ कासुल आणि २००३ चं .५०० स्मिथ अँड वेसन, ज्यांचा धक्का मनगट लक्षात ठेवतं. हँडगनच्या गोळीला वेग कमी, म्हणून उघडून काम करण्यापेक्षा रुंद, जड, सपाट टोकाची गोळी खोल जाऊन काम करते. हे सगळं वर्षभर त्याच हत्याराचा सराव करणाऱ्यासाठी आहे. मुंबईच्या माणसाने याचा नाद करू नये, असं माझं स्पष्ट मत.

पायरी ८ : मुंबईत सराव

इथे मोठ्या बोअरचा सराव मिळणं कठीण. त्यात निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचा निरोप येतो, आणि पावसाळ्यात समुद्रावरची दमट हवा नळीला गंज चढवते तो वेगळाच. म्हणजे हातात उरते पॉइंट टू-टू आणि एअर रायफल. ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही.

कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, पॉइंट टू-टूनेच. त्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून त्याच्या आसपास गोळ्या घालणाऱ्याला दीडशे मीटरवरचं ताट अवघड नाही. ट्रिगर, श्वास आणि गोळी सुटल्यावर स्थिर राहणं पॉइंट टू-टू पुरेपूर शिकवते. .३०८ हातात आल्यावर नवीन उरतो तो फक्त धक्का.

एक गोष्ट मात्र आपली रेंज शिकवत नाही. आफ्रिकेत बहुतेक फटके तीन पायांच्या काठीवर रायफल टेकवून, उभ्याने मारतात. जॅकेट, गादी, बेंच काही नाही. बांबूच्या तीन काठ्या सायकलच्या ट्यूबने वर बांधल्या की ही तिपाई तयार. घरातच, एअर रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, भिंतीवर बशीएवढं वर्तुळ लावा. चार पावलं चालत या, काठ्या उघडा, नेम लावा, ट्रिगर दाबा, दहा सेकंदांच्या आत. रोज वीस वेळा, सहा आठवडे. गच्चीवर करू नका. शेजारची इमारत पोलिसांना फोन करेल, आणि बरोबरच करेल.

एअर रायफलीवरून आठवलं. याच मुंबईत लहानग्या सलीम अलींनी एअरगनने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ती घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून पुढचं सगळं घडलं. १८८३ ची ही संस्था उभी करणाऱ्यांत आणि तिचे संग्रह भरणाऱ्यांत शिकारी बरेच होते. फोर्टला हॉर्नबिल हाउसमध्ये आजही त्यांचा वारसा आहे. आज मात्र खिडकीतल्या पाखरावर एअरगन रोखणं हीदेखील शिकारच ठरते, पोरांना हे सांगून ठेवा.

शक्य असेल तर जाण्याआधी ओळखीच्या परवानाधारकाबरोबर, नियमात बसेल अशा रेंजवर, मोठ्या बोअरच्या दहा-पंधरा गोळ्या मारून घ्या. जमलं नाही तर फार्मवर पहिला दिवस त्यासाठी राखा आणि त्या गोळ्यांचे पैसे आधीच धरून चाला.

पायरी ९ : फार्मवर पोहोचल्यावर

पहिल्या दिवशी रायफल हातात घेतली की दुर्बिणीत डोळा न ताणता पूर्ण गोल दिसतो का पाहा. दस्ता लांब वाटला तर सांगा. युरोपियन उंचीला बेतलेले दस्ते आपल्याकडच्या बऱ्याच जणांना मोठे पडतात. डावखुरे असाल तर हे मुंबईतूनच कळवलेलं असलं पाहिजे. सेफ्टी पुढे-मागे कशी चालते ते अंधारात बोटांनी कळेपर्यंत फिरवा. मग बेंचवरून तीन गोळ्या, काठ्यांवरून पाच. काठ्यांवरच्या पाच बशीत पडल्या नाहीत तर लहान कॅलिबर मागा. लाजू नका. भिंतीवर पाच रायफली टांगलेल्या असतात त्या त्यासाठीच.

आणि परतीच्या आदल्या रात्री जॅकेटचे, पँटचे, कॅमेऱ्याच्या पिशवीचे सगळे खिसे उलटे करा. आठवण म्हणून रिकामं पितळी केसही ठेवू नका. चुकून राहिलेलं एक जिवंत काडतूस विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. भाच्याला मी हे दोनदा सांगितलं. तो म्हणाला, ‘मामा, तुमच्या बाबतीत झालं होतं का असं?’ त्यावर मी विषय बदलून त्याला .३०८ चा ईमेल आजच टाकायला सांगितला.